मास्तरांचं पथ्य

मास्तरांच्या हातून कापड बिघडलं, असं चौतीस वर्षांत कुणाची म्हणायची छाती झाली नव्हती. आणि आता शिवता शिवता पांढऱ्या झग्यावर रक्ताचा ठिपका उमटला! एक्झिमाने बोटं उलली होती, तळपायांना भेगा पडल्या होत्या, मशीनचं पेडल दाबलं की डोळ्यांत पाणी यायचं. वर्षअखेरीपर्यंत हात सुधारले नाहीत तर मशीन विकायचं, असं त्यांनीच ठरवून टाकलं. ठरवलं खरं, पण रोज सकाळी त्याला तेल घालणं काही सुटलं नाही.

तपासणीत निकेल या धातूचं वावडं निघालं, आणि तो म्हणे डाळी-दाण्यांतही असतो. डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि बजावलं, "तोंडात जे जे जाईल ते लिहून ठेवा." मास्तरांना कात्रीच कशीबशी धरवायची, तिथे पेन कुठलं, म्हणून वही बायकोकडे आली. डाळ गेली, दाणे गेले, लाडकं चॉकलेटही गेलं. उरले भात, बटाटा आणि दूध. मास्तर तोंड वाकडं करून गिळायचे आणि "या घरात कशाला चव म्हणून राहिली नाही" असा राग तिच्यावर काढायचे. तीन महिने झाले, हात होते तसेच.

एका दुपारी ते कोट बेतत असताना ती वही घेऊन आली. "अहो, जेवणानंतर काय खाल्लंत?"

"हूं."

"हूं काय हूं?"

मास्तरांनी ओठांकडे बोट दाखवलं. कामाच्या वेळी ओठांत टाचण्या असायच्याच. तिने वैतागून मुद्दामच लिहिलं: टाचण्या, सात.

डॉक्टरीणबाई ते वाचून हसल्या आणि एकदम गंभीर झाल्या. "रोज तोंडात धरता?"

"रोज. पण त्या काय मी खातो?"

"अहो, त्यांना निकेलचाच मुलामा असतो!"

मास्तरांना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

टाचण्या मनगटावरच्या उशीत गेल्या. भेगा भरायला दोन महिने लागले. पथ्य पुरतं सुटलं नाही, पण मशीन घरात राहिलं. काम करताना तोंड मोकळं असायची मात्र मास्तरांना सवय नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "अगं, आज तू काय जेवलीस?"

"तुम्ही जेवलात तेच. पाच महिने तेच तर जेवतेय."

मास्तरांची कात्री थांबली. त्यांना मनापासून लाज वाटली. "मग बोलली का नाहीस?"

"कधी बोलणार?" ती म्हणाली. "तुमच्या तोंडात टाचण्या असायच्या. आणि नसल्या की तुम्ही रागावलेले असायचात."