साकीनाक्याचं मस्कत

भांडुपच्या आमच्या चाळीत आखातातून कोणी आलं की त्याची बॅग सगळ्यांसमोर उघडायची पद्धत होती. कोणी ठरवलेली नव्हे, पडून गेलेली. आल्या दिवशी आंघोळ, जेवण, थोडी झोप, आणि दिवेलागणीला शेजारपाजार दारात हजर. मग बॅग खोलीच्या मधोमध यायची आणि साबण, अत्तराच्या कुप्या, नेलपॉलिश, नायलॉनच्या साड्या एकेक करून बाहेर निघायच्या. प्रत्येकाच्या हातावर काही ना काही पडायचं. ज्याला नुसता साबण मिळाला तो साडी कुणाला मिळाली ते वर्षभर लक्षात ठेवायचा. लग्नाआधी मी स्वतः अशा कितीतरी बॅगा उघडताना पुढे सरकून बसले होते, आणि मागाहून "मेलीने काही आणलंच नाही गं" असं बोललेही होते. त्यामुळे लोक काय बोलतात हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

लग्न होऊन मस्कतला गेल्यानंतर काही वर्षांनी मी पहिल्यांदा माहेरी आले, तेव्हा माझ्या बॅगेत माझ्याच जुन्या साड्या होत्या. ह्यांची नोकरी तिथल्या एका बांधकाम कंपनीत कारकुनाची. कंपनी डबघाईला आलेली, पगार अडकलेला. सुट्टीचं तिकीट करारात होतं म्हणून तेवढं मिळालं. त्याआधी पगार होत होता तेव्हा उरलेसुरले पैसे सासरच्या घराच्या बांधकामाला जायचे. माहेरी मी पहिल्या दिवाळीला एका ओळखीच्या माणसाबरोबर साबण आणि अत्तर पाठवलं होतं. पुढे नुसती पत्रं. पत्रात लिहायचे, बाबांना जपा, आईने दगदग करू नये. फुकटची काळजी करायला काय जातं?

आणि जपायला हवं होतंच. बाबांची गिरणी संपात बंद पडली ती उघडलीच नाही. उभा जन्म साच्यावर, मागाशी उभं राहून काढलेला माणूस आता दाराशी स्टूल टाकून दिवसभर बसलेला असायचा. आई घरात बसून टिकल्यांची पाकिटं चिकटवून द्यायची. कारखानदाराचा माणूस आठवड्याला येऊन ती घेऊन जाई. हे सगळं मला पत्रांतून कळलेलं होतं. पत्र वाचून मी डोळे पुसायचे आणि स्वयंपाकाला लागायचे.

आल्या दिवशी संध्याकाळी खोली भरली. मी हसत हसत म्हटलं, "अगं बाई, किल्ली ह्यांच्याकडेच राहिली बघा!"

किती मूर्ख थाप! शेजारच्या काकूंनी लगेच केसांतला आकडा काढून पुढे केला. त्यांचे यजमान म्हणाले, "कुलूप तोडूया ना, त्यात काय? दोन मिनिटांचं काम." बाबा स्टुलावरून म्हणाले, "चांगली बॅग कशाला खराब करता रे?" शेवटी आईच उठली. बॅग उचलून तिने कॉटखाली सरकवली आणि म्हणाली, "दमली आहे ती. उद्या कुणाकडून तरी उघडून घेऊ." लोक उठले, पण उठता उठता बायकांनी एकमेकींकडे बघितलंच.

मस्कतला आमच्या खालच्या मजल्यावर एक मराठी बाई राहायची. तिने एकदा हसता हसता मला सांगितलं होतं, की अडल्या-नडल्याला साकीनाक्याला एक दुकान आहे. आखातातून आलेले लोक पैशाच्या अडचणीत आपल्या वस्तू तिथे विकून जातात, आणि रिकाम्या हाताने आलेले त्याच वस्तू स्वस्तात घेऊन घरी जातात. पाटी नाही. लेथच्या कारखान्यांमागे, वरच्या माळ्यावर. तेव्हा मी नाक मुरडलं होतं. असल्या दुकानात कोण जातं, असं माझं मत होतं.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगून निघाले. बस बदलून साकीनाक्याला उतरले. अंगावर होती त्यातली बरी साडी, डोळ्यांना गॉगल, हातात पर्स. परदेशातून आल्याचा आव आणायची सवय, दुसरं काय. पानवाल्याला खणखणीत आवाजात विचारलं, "इथे फॉरेनच्या वस्तूंचं दुकान कुठे आहे?" तो पानाला चुना लावायचा थांबला. "ऐसा इधर कुछ नहीं है, मॅडम." पुढे टायरवाला, तोही तेच. चहाच्या टपरीवरची माणसं मला बघून बोलायची बंद झाली. एकाने तर उलट दिशेला बोट दाखवलं, आणि मी उन्हात पत्र्याच्या शेडांमधून, लोखंडाचा कीस तुडवत कितीतरी वेळ भटकले. तीच गल्ली, तोच तुटलेला नळ, पुन्हा तीच टपरी. शेवटी एका लेथवाल्याला दया आली असावी.

"बाई, तुम्ही कस्टमच्या का?" त्याने विचारलं.

"नाही हो! मी मस्कतहून आलेय."

"मग मस्कतवालीला इथलं दुकान कशाला पाहिजे?"

चार माणसं ऐकत होती. गॉगल काढला. दुसरं काही सुचेना म्हणून खरं तेच बोलले. "घरी द्यायला काहीच आणलं नाही. काल बॅग उघडली नाही मी."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. तो तेलाचे हात फडक्याला पुसत म्हणाला, "मग आधी सांगायचं ना, ताई. अशी लय माणसं येतात. त्या गाळ्यामागे लोखंडी जिना आहे, तिथून वर जा." मी मान खाली घालून गेले.

वर एकच खोली होती. खालून लेथची घरघर, आणि खोलीत तेलाचा नि अत्तराचा मिसळलेला वास. फळ्यांवर साबण, टाल्कम पावडर, टॉर्च, थर्मास, साड्या. दुकानवाली एक जाडजूड बाई होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सरळ विचारलं, "बघायला किती माणसं जमणार?"

"म्हणजे?"

"बॅग उघडायला गं. चाळ की बिल्डिंग? चाळ असेल तर साबण जास्ती घे, साड्या दोनच. एक आईला, एक सगळ्यात जास्ती बोलते तिला."

ह्या बाईला माझं सगळं पाठ होतं, आणि मला वाटत होतं की ही वेळ जगात एकट्या माझ्यावर आलीय. मी ती सांगेल ते बाजूला काढू लागले. लेबलं शाबूत आहेत ना, तेवढं बघत होते. जिन्यावर पावलं वाजली. कुणीतरी मध्ये थांबत, दम खात चढत होतं. दुकानवालीने माझ्यासाठी साड्या काढता काढता दाराकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, "या मावशी! लवकर आलात यंदा. काय पाठवलं पोरीनं मस्कतहून?"

दारात माझी आई उभी होती.

ती हसून उत्तर द्यायच्या बेतात होती, तेवढ्यात तिने मला पाहिलं. तिचं हसू तसंच राहिलं, नुसतं ओठांवर. मग तिने पदर सारखा केला, लहान मुलीने चोरून खाताना सापडावं तशी.

"तू हंय कशी गो?" तिने घरच्या मालवणीत विचारलं.

दुकानवाली एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहायला लागली. मग तिच्या लक्षात आलं, आणि ती साड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसली.

"काल बॅग उचललंय, तेवाच समाजला माका," आई हळू आवाजात म्हणाली. "म्हटलां, तू मैत्रिणीकडसून येवच्या आदी कायतरी आणून भरान ठेवया."

"आणि दर दिवाळीला, आये?"

तिने माझ्याकडे न बघता फळीवरचा एक साबण सरळ केला. "गिरण बंद झाली. दारात बसान करतले काय ते? कोणी इचारल्यान, चेडू काय पाठवता, तर सांगूक कायतरी होया मां त्यांका." मग ती म्हणाली, "तुझ्या नावान देतंय. खूश होतत. बस."

मला त्या खोलीतून पळून जावंसं वाटलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी मस्कतमध्ये बसून पत्रात जपा जपा लिहीत होते आणि इथे आई टिकल्या चिकटवून माझं नाव राखत होती. माझ्यावर ती चिडली असती, चार शब्द बोलली असती, तर मला रडता तरी आलं असतं. ती मात्र दुकानवालीशी घासाघीस करायला लागली. जुनं गिऱ्हाईक होतं ते. "गेल्या सालाक ही पावडर स्वस्त दिलंस, आता म्हाग कित्याक?" दुकानवाली बिचारी भाव उतरवत गेली.

माझ्याकडे थोडे रियाल होते. मी पर्समध्ये हात घातला. आई म्हणाली, "रवांदे. तुका परत जाताना लागतीत." तिने कमरेची पिशवी सोडली. माझा हात पर्समध्येच राहिला. तो मी बाहेर काढला नाही. ही गोष्ट मी ह्यांनाही कधी सांगितली नाही.

त्या संध्याकाळी बॅग उघडली. आई सगळ्यांबरोबर समोर बसली होती. एकेक वस्तू निघाली की तिचाच आवाज सगळ्यांत मोठा, "अगे बाय, इतक्यां कित्याक आणलंस?" काकूंना साडी मिळाली. साबणाचे वास घेऊन झाले. बाबांच्या हातात मी दाढीच्या क्रीमची ट्यूब दिली. ती त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि दारातल्या माणसांना म्हणाले, "गेल्या दिवाळीला पाठवलेली अजून संपली नाही. चुकत नाही हो आमची पोर, दर दिवाळीला आठवण ठेवते." सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी बॅगेत वाकून, नसलेलं काहीतरी शोधत राहिले.

महिन्याने परत निघाले. आई दारातच थांबली, तिला रडू आवरेना. बाबा बॅग घेऊन टॅक्सीपर्यंत आले. बॅग डिकीत ठेवून झाली, मी पाया पडले, आत बसले. त्यांनी खिडकीशी वाकून, चाळीकडे एकदा वळून पाहिलं आणि म्हणाले,

"फुडच्या दिवाळेक काय पाठवू नको हां. साकीनाक्याक जावन येवक आता तिका झेपना नाय. तो जिनो चढताना गुडघे दुखतत तिचे."

त्यांनी दार नीट लागलंय ना ते ओढून पाहिलं.

"आणि माका म्हायत आसा, ह्या तिका सांगू नको."