काळे जर्दाळू

सुक्या फळांच्या कारखान्यात तिला सगळे कागदबाई म्हणत. जर्दाळू केशरी राहावेत म्हणून तिथे गंधकाची धुरी देत, आणि फळात तो वायू उरलाय का, हे बाई लॅबमध्ये बघायची. नमुना आम्लात टाकून गरम करायचा, वाफेवर ओला नारिंगी कागद धरायचा. वायू असला की कागद हिरवा.

नातवाला दमा, म्हणून त्याच्यासाठी तिने बिनधुरीचे जर्दाळू मिळवले. ते वाळताना काळेच पडतात. तरी तिने परीक्षा केलीच. कागद नारिंगीच राहिला, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. घरात बोलायला भिंतीच; नातवाला पाठवायचा डबा भरताना ती मनातल्या मनात त्याच्याशीच बोलत बसली.

आठवड्याने तिने सुनेला फोन लावला. "पोचले का गं?"

"पोचले, पण सगळे काळे पडले होते हो, आई! टाकून दिले. आता बाजारातून छान केशरी आणलेत. मिटक्या मारत खातोय बघा."

मागे पोर खोकलं.

"अगं, आधी हातातला काढून घे! असल्या केशरीतच गंधकाचा वायू असतो, त्यानं दमा उठतो. काळे तेच चांगले होते."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का, आई?"

काळा रंग दुसऱ्याला सडका दिसेल, हे बाईला सुचलंच नव्हतं.

"आज्जी वाईट आहे! माझा खाऊ काढून घेतला!" पोरानं भोकाड पसरलं, आणि त्या गडबडीत फोन बंद झाला. बाई तो कानाला धरून तशीच बसून राहिली.