फ्लेक्सवरचा डाग

"फोटोत एका बाजूनं डाग होता भाऊ, म्या पुसून टाकला," फ्लेक्सवाला दोरी बांधता बांधता माझ्या काकांना सांगत होता. "बरं केलं गड्या, आता कसा मस्त दिसून राहिला," काका म्हणाले. सौंसरच्या माझ्या जुन्या शाळेत माझा सत्कार होता आणि स्टेजमागे मी तयार केलेलं एका दूरच्या दीर्घिकेचं चित्र ताणलं होतं. नव्या फ्लेक्सचा तो उग्र वास आला की आजही माझे दात आवळले जातात. रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींतून मोबाइलच्या लहरींचा गोंगाट मी चार महिने एकेक करून वेचला होता, प्रत्येक फ्रिक्वेन्सीचं वेगळं चित्र काढून ती एकावर एक रचली होती, तेव्हा कुठे हायड्रोजन वायूची एक पुसट शेपटी दिसली होती. आधी ती कुणालाच दिसली नव्हती. नेमकी तीच पुसली होती. समोर मुलं टाळ्या वाजवत होती. "दोन शब्द बोल बेटा," म्हणत काकांनी शाल उलगडली. मोठ्यांसमोर मी कधी तोंड उघडत नाही. पण मी माइक घेतला आणि म्हणाले, "मी जे शोधलं तेवढंच यावरून पुसलंय. आधी हा फ्लेक्स उतरवा, शाल मग घेते."