पश्चिमेचा शेजारी

ज्या गावाचा इतिहास-भूगोल मी स्वतःच्या हाताने लिहिला, ते गाव मी पाहिलेलं नाही. समुद्रही पाहिलेला नाही. श्रीमंतांच्या अमदानीत मी पुण्याच्या सरकारी दफ्तरात कारकून होतो, आणि कोथरुडापर्यंत जाऊन आलो तरी घरी पाय चेपून घेणाऱ्यांतला. पण गाव लिहायला गाव पाहावं लागतं, हा समज बाहेरच्यांचा. आमच्याकडे कागद पाहिला की पुरे.

ऐन आषाढात घाट चढून एक म्हातारा कोळी आला. कोकणातल्या एका लहानशा कोळीवाड्याचा पाटील. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या, म्हणून त्याला सवड होती. गावापुढच्या ज्या वाळूवर त्यांची मासळी वाळायची, तिला शेजारच्या खोतानं आपली म्हणून कुंपण घातलं होतं. नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा पाण्यात जाणार. तोवर सरकारी कागद हातात नसला, तर मासळी वाळवायची कुठे आणि गावानं खायचं काय?

"कागद नाय मिळाला तर गाव उठंल, महाराज," तो म्हणाला.

"हात्तिच्या! बसा, आत्ता लिहून देतो," मी म्हणालो. या वाक्याची मला आजही लाज वाटते.

"गाव वसवलं कोणी?" मी विचारलं.

"वाऱ्यानं. आमचं वाडवडील दुसरीकडं चालले होते."

"जुनं देऊळ कुठे आहे?"

"पान्यात. आधी गाव तिथं होता."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्याबी पुढं."

म्हणजे समुद्र पुढे येत गेला आणि गाव मागे सरकत गेलं. 'गाव पुरातन, जागा नवी' असं मी लिहिलं आणि स्वतःवरच खूश झालो.

घोडं अडलं ते चतुःसीमेवर. गावाच्या चारी बाजूंना कोण, ते लिहायचं आणि त्या त्या शेजाऱ्याची साक्ष घ्यायची, असा नियम. उत्तर आणि पूर्व, या दोन बाजूंच्या साक्षी म्हातारा बांधून घेऊनच आला होता. भांडणाऱ्या खोताचंही नाव साक्षीवाचूनच दक्षिणेला चढलं, कारण भांडतो म्हणजे शेजारी आहेच, असं आमचे दफ्तरदार म्हणाले. दफ्तरदार म्हणजे आमचे वरिष्ठ. त्यांच्या बोरूची रेघ कधी वाकडी गेली नाही आणि चेहऱ्याचीही नाही.

"पश्चिमेस कोण?" त्यांनी विचारलं.

"दर्या."

"त्याच्या पलीकडे?"

"अरब, म्हनतात."

"मग अरबांच्या पाटलाची साक्ष आणा. अहो, तीन बाजूंचं गाव असतं का कुठे?"

झालं! यावर आठ दिवस खल. एक कारकून म्हणाला, समुद्रालाच शेजारी धरा. पण ज्याला लिहिता येत नाही त्यानं आपल्या धंद्याची निशाणी काढायची असते. कुणबी नांगर काढतो, न्हावी आरसा. समुद्राची निशाणी काय? एकाचं मत शंख, दुसऱ्याचं मासा. दोघे चार दिवस एकमेकांशी बोलेनात. मग मी, मूर्खानं, म्हाताऱ्याकडून ऐकलेलं भरती-ओहोटीचं सांगितलं.

"मुठेचा पूर ओसरायला दिवस लागतात," दफ्तरदार म्हणाले. "दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा ओसरतं म्हणजे काय, चेष्टा आहे?"

तिसऱ्या कारकुनाचे डोळे चमकले. दिवसातून दोनदा, तेही वाडवडिलांपासून! याहून पक्की वहिवाट कोणाची असणार? जागा खोताचीही नाही, गावाचीही नाही, समुद्राची. हे सगळ्यांना इतकं पटलं की दुपारी कोणी जेवायला उठेना. माझं डोकं फिरलं होतं, पण तोंड उघडायची छाती झाली नाही. म्हातारा रोज पायरीवर बसून असायचा. श्रावण लागला तसा तो नुसता आभाळाकडे बघायचा.

एके सकाळी तो सरळ आत येऊन उभा राहिला.

"पुनव चार दिसांवर हाय. मला घाट उतरून घरी जायला तीन लागतात."

"पश्चिमेची साक्ष आणलीत?" दफ्तरदारांनी वर न बघता विचारलं.

"लिवा. पच्छिमेला आमची मानसं हायत."

तो नावं सांगत गेला, मी लिहीत गेलो. अकरा झाली.

"हे लोक तिथे राहतात?" दफ्तरदारांनी विचारलं.

"होडीवर गेले, ते तिथंच हायत."

मी बोरू खाली ठेवला. आता दफ्तरदार म्हाताऱ्याला हाकलून देणार, असं मला वाटलं.

दफ्तरदारांनी यादी पुढे ओढून एकेका नावावरून बोट फिरवलं. मग नेहमीच्याच खरखरीत आवाजात म्हणाले, "परत येतात?"

"नाय."

"म्हणजे वस्ती कायमची. साक्ष चालेल. शिक्का आणा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते कोणाला दिसू नये म्हणून मी दौत उगाच इकडची तिकडे केली. दफ्तरदारांनी कागद म्हाताऱ्यापुढे सरकवला.

"यांच्या निशाण्या राहिल्या. त्या तुम्हीच काढा."

म्हातारा जमिनीवर बसला. एकेका नावापुढे त्यानं एकेक वल्हं काढलं. दहा झाली. अकराव्या नावापाशी त्याचा हात थांबला.

"पाटील, एवढं एकच राहिलं," मी म्हणालो.

"ह्यो माजा पोरगा," तो म्हणाला. "डावखुरा होता."

आणि त्यानं बोरू डाव्या हातात घेतला. रेघ जमायला त्याला वेळ लागला. कोणी घाई केली नाही.