पेन ड्राइव्ह रिकामा परत करू नये

शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे द्वारकाबाई लग्न होऊन अकोल्याहून पुण्याला आल्या तेव्हा शिकूनच आल्या होत्या. तीस वर्षांनी, म्हणजे दोन हजार आठ साली, हाच नियम त्यांनी पेन ड्राइव्हला लावला आणि निम्म्या बिबवेवाडीची झोप उडवली.

पुण्यात स्थिरावलेल्या वऱ्हाडी मंडळींचा वधू-वर मेळावा दर वर्षी भरे. त्या वर्षी सूची टाइप करायचं काम द्वारकाबाईंकडे आलं. छापखान्यातच द्या, असं सगळे म्हणत असताना मंडळाच्या अध्यक्ष मुक्ताई, निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्या म्हणाल्या होत्या, "द्वारकाबाई करतील." लोक मुलामुलींची माहिती पेन ड्राइव्हवर आणून देत. बाई ती उतरवून घेत आणि परत देताना त्यात आपल्या पाककृतींचं एक फोल्डर घालून देत. लोणची, सांडगे, पाटोडी, सगळं साग्रसंगीत. लोक खूश, बाई त्याहून खूश.

मेळावा नऊ दिवसांवर आला आणि एका सकाळी 'वधू' फोल्डर उघडेना. 'वर'ही उघडेना. आत तीनशे अठरा स्थळं! कोपऱ्यावरच्या दुकानातला योगेश आला, दोन मिनिटं खुडबुड करून म्हणाला, "काकू, व्हायरस आहे. फॉरमॅट मारायला लागेल."

"आणि स्थळं?"

"गेली असं समजा. संध्याकाळी सीडी घेऊन येतो."

"चला, तीनशे अठरा जण सुटले," पेपरातून डोकं वर न काढता रावसाहेब म्हणाले. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून बाईंच्या या यजमानांना टोमण्यांखेरीज दुसरं काम नव्हतं.

मुक्ताईंना काय तोंड दाखवायचं? पण बाई हट्टी. पडद्यासमोर बसून एकेक गोष्ट चाचपता चाचपता त्यांना जागा किती भरली हे दाखवणारं वर्तुळ सापडलं. ते होतं तेवढंच भरलेलं! आत काहीच नाही, तर जागा कशानं अडलीय?

"अहो, स्थळं गेलेली नाहीत! लपलीयत!"

"लग्नाचं नाव काढलं की लपतातच," रावसाहेब म्हणाले.

बाईंनी योगेशला फोन करून नको म्हणून सांगितलं आणि घरच्या बिघडलेल्या कॉम्प्युटरवर भरवसा नको म्हणून चौकातला सायबर कॅफे गाठला. तासभर शोधाशोध करून कृती पाककृतीच्याच वहीत उतरवली, नवा अँटिव्हायरस सीडीवर घेतला. घरी येऊन आधी इंटरनेटची वायर काढली, मग कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये सुरू केला. फोल्डरचं चित्र लावून बसलेल्या खोट्या फायली अँटिव्हायरसनं पुसल्या. शेवटी काळ्या पडद्यावर, लपवलेलं पुन्हा दिसतं करणारी ती अ‍ॅट्रिबची ओळ. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा 'वधू' आल्या, पाठोपाठ 'वर'. बाई देवासमोर साखर ठेवून आल्या.

साखर ठेवता ठेवताच त्यांना वहीतली एक ओळ आठवली. हा व्हायरस पेन ड्राइव्हमधून पसरतो, हे त्यांनीच वहीत लिहिलं होतं. म्हणजे आलेला प्रत्येक पेन ड्राइव्ह तो घेऊन परत गेला. नुसता परत दिला असता तर कुणी उघडलाही नसता. पाककृतींसाठी मात्र हौसेनं घरोघरी उघडला गेला.

"गप्प बस," रावसाहेब या वेळी टोमणा न मारता म्हणाले. "कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," बाई म्हणाल्या.

सूची वेळेवर छापून आली. शेवटच्या पानावर चौकट होती: 'ज्यांना मी पाककृती दिल्या, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरसही माझ्याकडूनच आला आहे. क्षमस्व. मेळाव्यात दाराजवळच्या टेबलावर भेटावे. विनामूल्य काढून मिळेल. सल्ले देऊ नयेत. द्वारका.'

रविवारी बाई रिक्षातून कॉम्प्युटर आणून सभागृहाच्या दाराशी बसल्या. अर्धा तास कुणी फिरकलं नाही. लोक शेवटचं पान वाचत, त्यांच्याकडे बघत, कुजबुजत. रडू लपवायला बाई उगाच कीबोर्ड पुसत राहिल्या.

तेवढ्यात मुक्ताई व्यासपीठावरून उतरल्या आणि भर सभागृहातून चालत टेबलापाशी आल्या. त्यांनी पर्समधून पेन ड्राइव्ह काढून पुढे ठेवला.

"माझ्याही घरचा कॉम्प्युटर बंद पडलाय."

"लगेच काढून देते, ताई."

"काढून नको. शिकवा." मुक्ताईंनी खुर्ची ओढून चष्मा लावला. "स्वतःची चूक छापून वाटणारी बाई मी आजवर पाहिली नव्हती. तिच्याकडून शिकायला मला आवडेल."

बाईंनी पदराला डोळे पुसले आणि माउस मुक्ताईंच्या हातात दिला.

"पहिली गोष्ट, घाईनं क्लिक करायचं नाही," त्या म्हणाल्या. मुक्ताईंच्या मागे एव्हाना चौघीजणी येऊन उभ्या राहिल्या होत्या.