तोफेच्या तोंडची माणसं

अमेरिकेत कॅरीला आल्यावर चौथ्या वर्षी वर्क परमिट मिळालं आणि एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मला पार्ट-टाइम काम लागलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजी साप्ताहिकांतली राजकीय व्यंगचित्रं स्कॅन करून ठेवली होती. चित्रात काय दिसतं ते चार ओळींत लिहायचं आणि ग्रंथालयाच्या जुन्या यादीत त्याला दिलेला विषय जोडायचा, एवढंच काम.

माझी सुपरवायझर साठीची होती, तिचे आजोबा आयर्लंडहून आलेले. पहिल्याच आठवड्यात एक चित्र आलं. दारूच्या पिंपावर बसलेला आयरिश माणूस, तोंड माकडाचं, हातात पेटती मशाल. विषय, दहशतवाद. ती बराच वेळ बघत राहिली. "माझ्या आजोबांच्या लोकांना असं काढायचे," म्हणाली. मग चित्राखाली तिने सूचना घालायला लावली, की हे चित्रण एका समाजाची बदनामी करतं. मला ते पटलं. मीच टाइप केली.

पुढच्या महिन्यात अठराशे सत्तावनची चित्रं आली. त्यांत आपण वाघ होतो, बाईच्या प्रेतावर बसलेला, आणि इंग्रजांचा सिंह आपल्यावर झेपावत होता. विषय, दहशतवाद. त्यानंतरच्या चित्रात पाच शिपाई तोफांच्या तोंडाला पाठ लावून बांधलेले, शेजारी घोड्यावर गोरा अधिकारी, आणि खाली एक विनोद छापलेला. त्याचा विषय होता 'लष्करी शिस्त'. मी शिस्त खोडून दहशतवाद लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिथे पुन्हा शिस्त होती.

मी सुपरवायझरच्या केबिनमध्ये गेले. "माणसं तोफेने उडवणं ही शिस्त कशी?"

"जुन्या यादीत तसंच आहे. आपण यादी बदलत नाही."

"मग निदान सूचना तरी घालू."

"प्रत्येक चित्राला सूचना घालत बसलो तर काम कधी संपायचं?"

"माकडाला घातली."

"ते वेगळं होतं," ती एवढंच म्हणाली. कसं वेगळं, ते मी दोनदा विचारलं. तिने पुढचं चित्र उघडलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. "सोड ना यार, दीडशे वर्षं होऊन गेली," तो म्हणाला. लेकीने माझ्या फोनवर ते चित्र पाहिलं. "दॅट्स लिटरली टेररिझम, आई," म्हणाली आणि जेवायला बसली.

त्याच आठवड्यात आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एका काकांनी कार्टून टाकलं. दाढीवाला माणूस, तोंड उंदराचं, हातात बॉम्ब. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग, आणि त्यांत माझा नवराही. ग्रंथालयात आला नव्हता इतका संताप मला तेव्हा आला. मी लिहिलं, "काका, हे काढून टाका." उत्तर आलं, "अगं, जोक आहे. तू फार सिरीयस घेतेस." एकानेही माझी बाजू घेतली नाही. मी ग्रुप सोडला. नवऱ्याने आपला हसरा चेहरा काढला, पण मला बरं वाटावं म्हणून, हे मला कळत होतं. दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं.

सोमवारी मी तोफांच्या चित्राचं वर्णन पुन्हा लिहिलं. पाच माणसं, जिवंत, तोफांना बांधलेली. एकाचे डोळे मिटलेले. दुसऱ्याची नजर थेट चित्र बघणाऱ्याकडे. बत्ती तोफेला लागायची आहे. खालच्या ओळीत यावर विनोद केला आहे. एकही विशेषण घातलं नाही, म्हणजे सुपरवायझरला खोडायला काही उरलं नाही.

तिने ते माझ्यासमोर वाचलं. "हे राहू दे," म्हणाली. विषय मात्र बदलला नाही. आजही ते चित्र शोधायचं असेल, तर शिस्त या शब्दाखालीच शोधावं लागतं.