कॉम्प्युटरला वाहिलेला मोगरा

आपली गाणी घरीच रेकॉर्ड करायची म्हणून जावा बेटावरच्या सुमियातीने सुटे भाग आणून स्वतःच्या हातांनी कॉम्प्युटर जुळवला. बटण दाबलं, तर पंखा खरखरला आणि सगळंच बंद पडलं.

"कोपला बघ," नवरा कार्सो म्हणाला. तो गावच्या वाद्यवृंदात मोठी घंटा वाजवायचा; तिचा ठोका पडल्याशिवाय तिथलं कुठलंच गाणं संपत नसे. वाजवण्याआधी घंटेला वाहतो तसा मूठभर मोगरा त्याने कॉम्प्युटरच्या डोक्यावरही वाहिला होता, नेमका पंख्याच्या जाळीवर.

सुमियातीने खोकं उघडून पाकळ्या उपसल्या. "कोपतोय कसला! तुमची भक्ती त्याच्या घशात अडकली होती."

या वेळी पडदा उजळला. ती एकटीच गायली, रेकॉर्ड झालेल्या आवाजावर पुन्हा आपलाच आवाज चढवत गेली, आणि घरात गायिकांचा अख्खा ताफा घुमला.

"संपलं आमचं काम," कार्सो पुटपुटला.

तिने माईक कोपऱ्यातल्या घंटेसमोर धरला. "घंटेवाचून गाणं संपवायला मी काय वेडी आहे? वाजवा! आणि फुलं तिलाच वाहा."